वास कसला येतोय? मराठी नाकासाठी इंग्रजी आणि डच शब्द

नेदरलँड्समध्ये भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात केव्हातरी न्हाणीघरातून किंवा ओट्याजवळून वास येऊ लागतो आणि घरमालकाला फोन करावा लागतो. आपण इंग्रजीत 'देअर इज अ बॅड स्मेल' एवढे म्हणतो आणि थांबतो. पलीकडचा माणूस साहजिकच विचारतो, कसला वास? तुंबलेल्या मोरीचा, ओल धरलेल्या भिंतीचा, जळक्या वायरचा, की गॅसचा? यातल्या प्रत्येक उत्तराला वेगळा माणूस, वेगळी हत्यारे आणि वेगळी घाई लागते. हाच प्रश्न मराठीत आला असता, तर आपण क्षणभरही न अडखळता 'कुबट', 'करपट' किंवा 'उग्र' असे नेमके काहीतरी सांगितले असते.

आम्स्टेलव्हेन, आइंडहोव्हन, हेग अशा गावांत नव्याने येणाऱ्या मराठी माणसांसाठी हा लेख लिहिला आहे. कचेरीत आणि शेजाऱ्यांशी बहुधा इंग्रजीत बोलावे लागते आणि घराबाहेरच्या पाट्या, डब्यांवरची लेबले, घरमालकाची पत्रे मात्र डचमध्ये असतात, म्हणून दोन्ही भाषांतले शब्द सोबतच शिकणे सोयीचे पडते. मात्र माझा आग्रह असा आहे की हे शब्द इंग्रजी यादी समोर ठेवून डचमध्ये उतरवत बसू नये, तर मराठीपासून सुरुवात करावी. वासांमधले भेद आपल्या नाकाला आणि जिभेला मराठीत आधीच ठाऊक असतात, आणि इंग्रजीतला 'बॅड स्मेल' मध्ये आला की ते पुसले जातात.

आधी उच्चार

या लेखात डच शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांचे रोमन स्पेलिंग शोधण्यासाठी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. जिथे मी 'ख' लिहिला आहे, तिथे डचमध्ये बहुतेक वेळा 'जी' किंवा 'सी-एच' असते आणि तो उच्चार आपल्या 'खडू'मधल्या ख सारखा होत नाही. उर्दू बोलणारा माणूस 'खबर' म्हणताना घसा जसा घासतो तसा तो होतो. आइंडहोव्हनच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेत, हाच उच्चार बराच मऊ ऐकू येतो. 'आउ' असे जिथे आहे, तिथे या लेखात बहुधा 'यू-आय' ही जोडी असते. 'यो' असे लिहिलेला स्वर 'ई-यू' या जोडीचा आहे, आणि तो काढण्यासाठी ओठ 'ओ' सारखे गोल ठेवून आतून 'ए' म्हणावा. 'एइ' म्हणजे बहुधा 'आय-जे'. शब्दाच्या शेवटी येणारा हलका 'अ' मी आपल्या बोलीतल्या 'मोठं', 'छोटं'प्रमाणे अनुस्वाराने दाखवला आहे. एवढ्या खुणा पुरे होतील. शब्द ऐकून शब्दकोशात एकदा पडताळला, की तो पक्का होतो.

पहिली पायरी: नुसता 'वास' म्हणताना

मराठीत 'वास' हा शब्द मुळात तटस्थ आहे. मोगऱ्याचाही वास येतो आणि मोरीचाही येतो. पण 'इथे वास येतोय' एवढेच म्हटले, की ऐकणारा नाकाला रुमाल लावतो. इंग्रजीत 'स्मेल'चे अगदी तसेच आहे. 'द स्मेल ऑफ कॉफी' यात काही वाईट नाही, पण एखाद्याला नुसते 'यू स्मेल' म्हटले तर तो अपमान ठरतो. म्हणून कौतुक करायचे असेल तेव्हा 'स्मेल'च्या पुढे 'गुड', 'लव्हली', 'नाइस' असा शब्द जोडलाच पाहिजे.

सुवासाकडे जाताना इंग्रजीत 'सेंट' आणि 'फ्रेग्रन्स' हे शब्द येतात, आणि कॉफी, मसाले, ताजा पाव यांच्यासाठी 'अरोमा' वापरतात. दुसऱ्या बाजूला 'ओडर' हा औपचारिक शब्द आहे, जो तक्रारीच्या अर्जात, औषधाच्या पत्रकात किंवा घामाच्या वासाविषयी बोलताना भेटतो. 'स्टिंक' म्हणजे घाण वास, आणि 'स्टेंच' म्हणजे त्याहून जड, सहन न होणारी दुर्गंधी. मराठीतला 'दर्प' आणि 'भपकारा' यांना इंग्रजीत एकेक शब्द नाही. घामाचा किंवा लसणाचा दर्प 'स्ट्राँग स्मेल'मध्ये बसतो, आणि दार उघडताच अंगावर येणाऱ्या भपकाऱ्यासाठी 'अ ब्लास्ट ऑफ' असे काहीतरी म्हणावे लागते.

डचमध्ये तीन शब्दांची उतरंड आधी शिकावी. 'ख्योर' हा चांगल्याकडे झुकणारा तटस्थ शब्द आहे, आणि फुलांचा, साबणाचा, पावाचा तो 'ख्योर'. 'स्टांक' म्हणजे सरळसरळ दुर्गंधी. या दोहोंच्या मधला शब्द 'लुख्ट', आणि नवख्या माणसाची दमछाक तोच करतो, कारण त्याचे तीन अर्थ आहेत. 'लुख्ट' म्हणजे हवा, 'लुख्ट' म्हणजे आकाश आणि 'लुख्ट' म्हणजे वास, बहुधा नकोसा. 'फ्रिसं लुख्ट' ही ताजी हवा असते. पण 'एर हांग्ट अन मुफं लुख्ट' असे कोणी म्हणाले, तर खोलीत कुबट वास भरून राहिला आहे असा त्याचा अर्थ होतो. तिन्ही शब्दांना 'द' हे उपपद लागते, त्यामुळे निदान तेवढी चिंता नाही.

'लुख्ट' एकदा कळला, की त्याच्या आधी वस्तूचे नाव जोडून डच माणूस वासाचे हवे तितके शब्द तयार करतो आणि ते सगळे आपल्यालाही लगेच वापरता येतात. गॅसचा वास 'खासलुख्ट', जळका वास 'ब्रांटलुख्ट', गटाराचा वास 'रियोललुख्ट', घामाचा 'झ्वेटलुख्ट', मासळीचा 'व्हिसलुख्ट', शेणखताचा 'मेस्टलुख्ट', शिजवलेल्या अन्नाचा 'एटन्सलुख्ट'. इंग्रजीत यांतल्या बहुतेकांसाठी 'द स्मेल ऑफ'ने सुरू होणारी शब्दांची रांग लावावी लागते. डचमध्ये एकाच शब्दात काम होते, आणि घरमालकाला फोन करताना हीच जोडणी सर्वांत उपयोगी पडते.

या शब्दाचे लाडाचे रूप 'लुख्ट्यं' वेगळेच वळण घेते. एका सहकारी बाईंनी मला एकदा 'लेकर लुख्ट्यं हेप य ऑप' म्हटले, तेव्हा त्या माझ्या डब्याविषयी बोलत आहेत असे मला वाटले आणि मी मनातून ओशाळलो. त्या अत्तराचे कौतुक करत होत्या. 'लुख्ट्यं' म्हणजे अंगाला लावलेला सुगंध. उलट 'एर झिट अन लुख्ट्यं आन' असे कोणी एखाद्या व्यवहाराबद्दल म्हटले, तर त्याचा अर्थ कुठेतरी पाणी मुरते आहे असा होतो, आणि इंग्रज माणूस तिथे 'फिशी' म्हणतो.

'र्‍योक' हा चौथा शब्द जवळ ठेवावा, पण वासासाठी तो सहसा वापरू नये. तो प्रामुख्याने वास घेण्याच्या शक्तीचा, म्हणजे घ्राणेंद्रियाचा शब्द आहे. सर्दीनंतर किंवा कोव्हिडनंतर वास येईनासा झाला, तर 'हाउसआर्ट्स'ला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, 'इक राउक नीट्स मेर' असे सांगावे. इंग्रजीत 'आय हॅव लॉस्ट माय सेन्स ऑफ स्मेल' असे म्हणतात.

दुसरी पायरी: एक क्रियापद, तीन कामे

मराठीत वास 'येतो' आणि वास 'घेतात'. येणे आपोआप घडते, घेणे आपण मुद्दाम करतो. या सवयीमुळे आपल्याकडून इंग्रजीत 'स्मेल इज कमिंग' असे वाक्य निघते, जे इंग्रजी कानाला विचित्र वाटते. त्याऐवजी 'आय कॅन स्मेल समथिंग' म्हणावे. 'आय अ‍ॅम स्मेलिंग गॅस' हेही टाळावे. नाकाला आपोआप जाणवणाऱ्या वासासाठी 'कॅन स्मेल' हेच रूप रुळलेले आहे.

डचमध्ये 'राउकन' हे एकच क्रियापद तिन्ही कामे करते, आणि त्यातला फरक पुढे येणाऱ्या छोट्या शब्दाने कळतो. त्यामुळे ही तीन वाक्ये एकत्रच पाठ करावीत. 'इक राउक खास' म्हणजे मला गॅसचा वास येतोय. इथे मध्ये काहीही नाही. 'राउक अस आन द मेल्क' म्हणजे दुधाचा जरा वास घेऊन बघ; मुद्दाम नाक जवळ नेण्यासाठी 'आन' लागतो. आणि 'हेट राउक्ट हीर नार आउ' म्हणजे इथे कांद्याचा वास येतोय; वस्तूचे नाव सांगायचे असेल तेव्हा 'नार' लागतो. कांद्याला डचमध्ये खरोखरच नुसते 'आउ' म्हणतात, त्यामुळे हे वाक्य ऐकून कोणाला काही लागले की काय असे समजू नये.

इंग्रजीत 'नार'च्या जागी दोन शब्द आहेत आणि त्यांच्यात भेद आहे. 'इट स्मेल्स ऑफ अनियन्स' म्हणजे खरोखर कांदा आहे म्हणून वास येतो. 'इट स्मेल्स लाइक अनियन्स' म्हणजे कांद्यासारखा काहीतरी वास येतो. डच माणूस बहुतेक वेळा दोन्हीसाठी 'नार'च वापरतो, त्यामुळे ही चिंता डचमध्ये करावी लागत नाही. गुणविशेषण जोडताना इंग्रजीत 'स्मेल्स बॅड' म्हणावे, 'स्मेल्स बॅडली' म्हणू नये. डचमध्ये विशेषण सरळ ठेवावे: 'द मेल्क राउक्ट झ्यूर', म्हणजे दुधाला आंबूस वास येतोय. विशेषण नामाच्या आधी आले, की बहुधा त्याला शेवटी तो हलका 'अ' लागतो, म्हणून 'झ्यूर'चे 'झ्यूरं लुख्ट' होते. 'हेट' उपपदाच्या शब्दांपूर्वी 'अन' असेल तर हा 'अ' गळतो, जसे 'अन मुफ लुख्ट्यं'. मोठा घोडा, मोठी गाय आणि मोठे वासरू म्हणणाऱ्या माणसाला हे फार अवघड जाऊ नये.

भूतकाळात एक खळगा आहे. 'राउकन'चे भूतकाळी रूप 'रोक' होते, धुराला डचमध्ये 'रोक' म्हणतात, आणि 'मी सिगारेट ओढतो' हेही 'इक रोक' असेच होते. त्यामुळे 'मला धुराचा वास आला' हे वाक्य 'इक रोक रोक' असे उमटते, आणि ते चूक नाही. या सगळ्यांचे गोत्र एकच आहे. इंग्रजीतला 'रीक', म्हणजे घाण वास मारणे, हा शब्द मुळात धुराचाच होता आणि डच 'रोक' त्याचा भाऊबंद आहे. दुसरा खळगा 'स्टँक'चा आहे. इंग्रजीत तो 'स्टिंक' या क्रियापदाचा भूतकाळ, तर डचमध्ये 'स्टांक' हे नाम. डच क्रियापद 'स्टिंकन' आणि त्याचा भूतकाळ 'स्टॉंक'. जुन्या इंग्रजीत 'स्टिंक'चे मूळ रूप चांगल्या वासालाही चालत असे. आज दोन्ही भाषांत ते निव्वळ घाणीचे आहे, म्हणून माणसाविषयी किंवा दुसऱ्याच्या जेवणाविषयी ते कधीच वापरू नये. कोणाच्या तोंडाला वास येतो हे डॉक्टरांना सांगायचे असेल, तर 'हेइ राउक्ट आउट झेइन मॉन्ट' एवढे पुरेसे असते.

तिसरी पायरी: दोन वाक्ये सर्वांत आधी

बाकीचे शब्द सावकाश आले तरी चालतील, पण 'इक राउक खास' आणि 'इक राउक ब्रांटलुख्ट' ही दोन वाक्ये घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही, पहिल्याच दिवशी शिकवावीत. इंग्रजीत ती 'आय कॅन स्मेल गॅस' आणि 'आय कॅन स्मेल बर्निंग' अशी होतात.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये त्यासाठी इथाइल मरकॅप्टन असते, तर नेदरलँड्समधल्या नळाच्या गॅसमध्ये टेट्राहायड्रोथायोफीन नावाचे द्रव्य असते. दोन्ही गंधकयुक्त आहेत, त्यामुळे वास हुबेहूब सारखा नसला तरी आपले नाक सावध होते. वर्णन करताना इंग्रजीत 'रॉटन एग्ज' आणि डचमध्ये 'रॉटं एइरन', म्हणजे सडकी अंडी, असे म्हणतात. १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना साधारणपणे गॅसची जोडणी देत नाहीत, पण भाड्याने मिळणारी बरीच घरे त्याआधीची असतात.

गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण, दारावरची घंटा आणि काडेपेटी यांना हात लावू नये. खिडक्या उघडाव्यात, मीटरजवळचा मुख्य कॉक बंद करता आला तर करावा, घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच फोन करावा. गॅस आणि विजेच्या बिघाडासाठी ०८००-९००९ हा देशभरचा मोफत क्रमांक आहे, आणि आग लागली किंवा जीवाला धोका असला तर ११२. फोनवर आधी वासाचे वाक्य बोलावे आणि मग पत्ता सांगावा.

जळक्या वासाचे मात्र दोन प्रकार वेगळे ठेवावेत. वायर किंवा प्लास्टिक जळत असेल तर 'ब्रांटलुख्ट'. भात किंवा डाळ पातेल्याच्या तळाला लागली असेल तर 'आनखब्रांट', ज्याचा अर्थ शब्दशः आपल्या 'लागले'सारखाच आहे. 'द रेइस्ट इस आनखब्रांट', म्हणजे भात लागला, असे म्हटले की शेजारी निश्चिंत होतो. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक घरात, राहण्याच्या प्रत्येक मजल्यावर 'रोकमेल्डर', म्हणजे धुराची घंटा, सक्तीची आहे, आणि ती मिरचीच्या फोडणीनेही वाजू शकते. तेव्हा जिन्यात जमलेल्या लोकांना सांगण्यासाठी हे वाक्य खरोखर लागते.

चौथी पायरी: कुबट, कोंदट, खवट

आता मराठीची श्रीमंती कामाला लावायची. बंद कपाटाचा, न वाळलेल्या कपड्यांचा, जुन्या पुस्तकांचा 'कुबट' वास इंग्रजीत 'मस्टी' आणि डचमध्ये 'मुफ' होतो. खिडक्या न उघडलेल्या खोलीतली 'कोंदट' हवा इंग्रजीत 'स्टफी' आणि डचमध्ये 'बडॉम्प्ट'. त्यासाठी 'बनाउट' हाही शब्द आहे, पण तो जपून वापरावा, कारण 'इक हेप हेट बनाउट' म्हणजे मला श्वास घ्यायला त्रास होतोय, आणि दवाखान्यात हे वाक्य फार गांभीर्याने घेतले जाते. भिंतीला ओल असेल तर 'डँप' आणि 'व्हॉख्ट', बुरशी दिसत असेल तर 'मोल्ड' आणि 'स्खिमल'. घरमालकाला, म्हणजे 'व्हरह्यूर्डर'ला, लिहिताना 'बॅड स्मेल' न लिहिता 'मुफं लुख्ट', 'व्हॉख्ट' आणि 'स्खिमल' हे तीन शब्द तारखेसह आणि छायाचित्रासह लिहावेत. घराच्या दोषांचे प्रकरण पुढे भाडे-आयोगाकडे, म्हणजे 'ह्यूरकॉमिसी'कडे गेले, तर नेमका शब्द आणि तारीख यांचाच उपयोग होतो.

न्हाणीघरातून गटाराचा वास येत असेल, तर 'रियोललुख्ट' म्हणून फोन करण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहावी. बरेच दिवस न वापरलेल्या मोरीतले, म्हणजे आपले प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात त्यातले, पाणी आटते आणि गटारातली हवा वर येते. या ट्रॅपला डचमध्ये 'सिफॉन' म्हणतात. त्यात एक तांब्या पाणी ओतल्यावर वास गेला, तर फोनची गरज उरत नाही. सुट्टीत भारतात महिनाभर राहून परतलेल्या कुटुंबांना हा वास हमखास भेटतो.

जुने तेल, शेंगदाणे आणि खोबरे यांचा 'खवट' वास इंग्रजीत 'रॅन्सिड' आणि डचमध्ये 'रान्झख' होतो. आंबूस म्हणजे 'सावरिश' आणि 'झ्यूरख'. उग्र वासाला इंग्रजीत 'पंजंट' आणि डचमध्ये 'स्खेर्प' म्हणतात, आणि घरभर, कपड्यांत शिरून राहणाऱ्या वासाला 'डोरड्रिंगंट'. मळमळायला लावणारा गोडसर वास इंग्रजीत 'सिकली' आणि डचमध्ये 'वेयख'. मासळी-मटणाच्या वशाट वासासाठी दोन्ही भाषांत मासळीचा शब्द पुढे येतो आणि मटणाचा वास अनाथ राहतो. इथे प्रत्ययांकडे लक्ष द्यावे. आपण आंबटपासून 'आंबूस' आणि मातीपासून 'मातकट' करतो, तसे इंग्रजी 'ई' किंवा 'इश' लावून आणि डच 'अख' किंवा 'आख्टख' लावून नवे शब्द घडवतात. लाकडासारखा वास 'हाउटआख्टख', धुरकट वास 'रोकरख', फुलांसारखा 'ब्लूमख'.

'खमंग'साठी मात्र मी बरीच वर्षे शब्द शोधतो आहे. भाजणी भाजताना येणाऱ्या वासाला इंग्रजीत 'नटी' किंवा 'टोस्टी' आणि डचमध्ये 'खरोस्टर्ट', म्हणजे भाजलेला, एवढेच म्हणता येते. त्यात भाजणे येते, पण तोंडाला सुटणारे पाणी येत नाही.

शब्द सापडला नाही तर लाजू नये, कारण तिथल्या माणसांनाही तो बहुधा सापडत नाही. मानसभाषाशास्त्रज्ञ आसिफा मजीद यांनी नेदरलँड्समधल्या नाइमेखन येथे काम करत असताना, मलाय द्वीपकल्पातल्या जहाय या शिकार आणि रानमेव्यावर जगणाऱ्या समाजाच्या वासांच्या शब्दांचा अभ्यास केला. जहाय लोकांजवळ वासांसाठी खास, कोणत्याही वस्तूच्या नावावर न बेतलेले शब्द आहेत आणि ते एका शब्दात उत्तर देतात. डच बोलणारे त्याच वासासाठी वेळ घेतात आणि 'अमक्यासारखा, तमक्यासारखा' असे लांबलचक वर्णन करतात. इंग्रजीत असा वस्तूवर न बेतलेला शब्द म्हणून 'मस्टी'चे उदाहरण देतात, आणि आपल्या 'कुबट' व 'खवट' यांना त्याच पंक्तीत बसवावे असे मला वाटते. व्यवहारात याचा अर्थ असा, की अडल्यास 'हेट राउक्ट नार' म्हणून पुढे जवळच्या वस्तूचे नाव घ्यावे. डच माणूसही तेच करतो.

पाचवी पायरी: फ्रिजमधले दूध आणि डब्यावरची तारीख

खाद्यपदार्थांवर दोन प्रकारच्या तारखा असतात आणि नाकाचा उपयोग त्यांतल्या एकीलाच होतो. 'टेन मिन्स्टं हाउटबार टॉट' ही दर्जाची तारीख आहे. ती उलटली तरी पदार्थ पाहून, हुंगून, चाखून ठरवावे असा सल्ला तिथली पोषण-माहिती संस्था 'व्हुडिंग्जसेंट्रुम' देते. 'केइकन, राउकन, प्रूव्हन', म्हणजे बघा, हुंगा, चाखा, हे तीन शब्द म्हणूनच मुलांनाही येतात. 'ट खब्राउकन टॉट' ही मात्र ताजे मांस, मासळी अशा लवकर नासणाऱ्या पदार्थांवरची सुरक्षेची तारीख आहे. ती उलटल्यावर वास ठीक वाटला तरी खाऊ नये, कारण आजारी पाडणाऱ्या सगळ्याच जंतूंना वास नसतो. पहिल्या तारखेची आद्याक्षरे 'टी-एच-टी' होतात, आणि गॅसमध्ये घातलेल्या वासाच्या द्रव्यालाही नेमके तेच लघुरूप आहे. गॅसच्या माहितीपत्रकात ते दिसले तर गोंधळू नये.

दूध नासले हे इंग्रजीत 'द मिल्क इज ऑफ' किंवा 'द मिल्क हॅज टर्न्ड', डचमध्ये 'द मेल्क इस बडॉर्व्हन'. सडक्या भाजीसाठी 'रॉटन' आणि 'व्हरॉट'. साबण, क्रीम घेताना ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी 'ऑनखपारफ्युमेर्ट' हा शब्द शोधावा. इंग्रजी लेबलावर तिथे 'फ्रेग्रन्स-फ्री' असते.

फोडणीविषयी

हा विषय नाजूक आहे आणि त्यावर मोकळेपणाने बोललेले बरे. आपल्या फोडणीचा वास जिन्यात जातो, आणि सामायिक भिंती असलेल्या इमारतीत कधी ना कधी कोणीतरी काहीतरी बोलतो. बोलणारा नेमके काय म्हणाला हे शब्दावरून ओळखावे. 'वाट राउक्ट हेट हीर लेकर!' हे निखळ कौतुक आहे आणि त्यावर वाटीभर आमटी नेऊन द्यावी. 'स्टेर्कं एटन्सलुख्ट' ही सौम्य कुरकुर आहे. 'ख्योरओव्हरलास्ट' किंवा 'स्टांकओव्हरलास्ट' हे शब्द पत्रात आले, तर ती वासाच्या उपद्रवाची औपचारिक तक्रार समजावी, घरमालकाशी बोलून चिमणी, म्हणजे तिथला 'आफझाउखकाप', तपासून घ्यावा आणि उत्तर लेखी द्यावे. स्वयंपाकानंतर खिडक्या उघडण्याला 'लुख्टन' म्हणतात. 'इक खा एव्हन लुख्टन' म्हटले की शेजाऱ्याला आपण दखल घेतल्याचे कळते.

हिंगाचे डच नाव 'डाउव्हल्सड्रेक' आहे, म्हणजे सैतानाची विष्ठा, आणि इंग्रजी 'असाफेटिडा'मध्येही लॅटिनमधला दुर्गंधीचा शब्द बसलेला आहे. त्यामुळे पाहुण्याला कच्चा हिंग हुंगायला देऊन हे नाव सांगू नये. आधी तेलात फुलवलेल्या हिंगाची आमटी वाढावी आणि मग नाव सांगावे. मसाल्यांच्या बाबतीत इंग्रजीपेक्षा डच आपल्याला जवळची आहे. इंग्रजीत 'स्पायसी' म्हणजे तिखटही आणि मसालेदारही, त्यामुळे गरम मसाल्याच्या वासाला 'स्पायसी' म्हटले की ऐकणारा पाण्याचा पेला शोधतो. डचमध्ये वेलदोडे, लवंग, दालचिनी यांचा मसालेदार वास 'क्राउडख' आणि तिखट चव 'पिटख', असे दोन वेगळे शब्द आहेत.

दाराबाहेरचे वास

वसंतात गावाबाहेर सायकलने निघालात, तर शेतांवर पसरलेल्या खताचा 'मेस्टलुख्ट' भेटतो. स्थानिक लोक त्याला कौतुकाने 'खझॉंडं बूरंलुख्ट', म्हणजे आरोग्यदायी शेतकरी-हवा, म्हणतात आणि ज्यांचे बालपण गोठ्याजवळ गेले त्यांना ते पटते. शहरात गांजाचा वास, 'वीटलुख्ट', वारंवार येतो. घरात चोरून केलेल्या गांजाच्या लागवडीचा वास लोकांना ओळखता यावा म्हणून २०१० साली रॉटरडॅम आणि हेगमध्ये सुमारे ३० हजार घरांना खरडून हुंगायची कार्डे वाटली गेली होती. वर्णन करण्यापेक्षा वासच हातात दिला, हे मला त्या यंत्रणेचे शहाणपण वाटते.

पहिल्या पावसाच्या मृद्गंधासाठी इंग्रजीत 'पेट्रिकोर' हा शब्द आहे. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी तो १९६४ साली घडवला, आणि डचमध्येही तोच वापरतात. मात्र वर्षभर पाऊस पडणाऱ्या देशात तो रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही, तिथे 'द ख्योर व्हान रेखन', म्हणजे पावसाचा वास, असे म्हणावे.

सराव कसा करावा

शब्द वहीत लिहून पाठ होत नाहीत, नाकापाशी वस्तू धरून होतात. उघड्यावरच्या बाजारात जावे; आम्स्टरडॅमचा आल्बर्ट काउप बाजार किंवा हेगचा मोठा बाजार असेल तर उत्तम. चीज, मसाले, चहा, साबण किंवा फुले यांच्या दुकानाशी गर्दी कमी असताना थांबावे, वस्तूचा वास घेण्याआधी मनात मराठी शब्द ठरवावा, आणि मग दुकानदाराला विचारावे, 'माख इक एव्हन राउकन?', म्हणजे जरा वास घेऊ का? तो वस्तू पुढे करील आणि बहुधा स्वतःहून तिचा एखादा शब्दही सांगेल. तो शब्द त्याच्याकडून दुसऱ्यांदा म्हणवून घ्यावा आणि घरी येईपर्यंत तोंडात ठेवावा.